सर्व गोष्टींची पारख करा : एका आज्ञेची पार्श्वभूमी

येशूचा प्रेषित पौल याने ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातील मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, पहिले पत्र लिहिले ते इ. स. 50-51च्या सुमारास. मंडळी नवी होती, छळ सोसत होती आणि प्रभू येशूच्या पुनरागमनाआधीच जे मरण पावले त्यांचे काय, या प्रश्नाने कासावीस झाली होती. पौल तिला धीर देतो, आपापला कामधंदा करत राहायला सांगतो आणि पत्राच्या शेवटी लिहितो : पवित्र आत्म्याला विझवू नका, देवाच्या नावाने दिलेल्या संदेशांना तुच्छ मानू नका, सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा. ‘पारख करा’ यासाठी त्याने योजलेले ग्रीक क्रियापद धातू आणि नाणी तपासण्यासाठीही वापरत. उद्या काय होणार हे पारखी सांगत नाही. हातात आलेले नाणे खरे की खोटे, एवढेच तो पाहतो. काळ अनिश्चित झाला की हा फरक आधी पुसला जातो. मग विवेकाच्या नावाखाली भविष्य शोधणे सुरू होते.

सुरुवातीला तपासणी होती ती दारात आलेल्या माणसाची. ‘दिदाखे’ या प्राचीन ख्रिस्ती लेखातले नियम अगदी रोखठोक आहेत. फिरता प्रेषित आला तर त्याला एक दिवस ठेवा, गरज पडल्यास दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर तो खोटा. उपदेश कितीही रसाळ असो, कसोटी वागण्याची होती.

चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटातल्या संन्याशांनी ही तपासणी स्वतःच्या मनातल्या विचारांकडे वळवली. त्यांची शिकवण पाचव्या शतकाच्या आरंभी जॉन कॅसियनने लॅटिनमध्ये लिहून ठेवली. त्यात मोशे नावाचे वडीलधारे संन्यासी विचाराला नाण्याच्या चार कसोट्या लावतात : सोने शुद्ध आहे, की नुसती झळाळी? सोने खरे असले तरी त्यावर ठसा खऱ्या राजाचा आहे, की शास्त्रवचनाचा अर्थ कोणी फिरवला आहे? नाणे अधिकृत टांकसाळीतले आहे, की भक्तीचे सोंग? आणि वजन पुरे भरते, की बढाईच्या गंजाने ते खाल्ले आहे?

याच शिकवणीत हेरो या वृद्धाची हकिगत येते. पन्नास वर्षे वाळवंटात राहिलेला हा माणूस इतका कडक उपासी की पुनरुत्थानाच्या सणालाही (ईस्टरला) बांधवांबरोबर जेवायला बसत नसे. देवदूत समजून त्याने सैतानाचे ऐकले आणि विहिरीत उडी घेतली. लोकांनी बाहेर काढले, तिसऱ्या दिवशी तो मेला. आपली फसवणूक झाली हे त्याला शेवटपर्यंत पटले नाही. त्याची भक्ती कमी नव्हती. तो कोणाला विचारत नव्हता. म्हणूनच तिथला पहिला नियम ठरला : मनात आलेला विचार वडीलधाऱ्यांपुढे उघड करा.

1521मध्ये स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत जखमी झालेला सैनिक इग्नाशियस लोयोला याने अंथरुणावर एक गोष्ट टिपली. पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा येई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांचे अनुकरण करण्याच्या विचाराने मात्र समाधान मागे उरे. यातून पुढे त्याचे पारखीचे नियम घडले. 1548मध्ये पोप तिसरे पॉल यांनी ते असलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ला मान्यता दिली. त्यातला सर्वांत उपयोगी नियम मला वाटतो तो पाचवा : मन उदास, कोरडे असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नका. त्याच्या पुढचा, सहावा नियम सांगतो : बदलायचे तर स्वतःला बदला. प्रार्थना आणि आत्मपरीक्षण थोडे वाढवा. भीतीत घेतलेले निर्णय हमखास इथेच चुकतात. समाधानालाही त्याने सूट दिलेली नाही. विचाराची सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही तपासा. सुरुवात पवित्र असून शेवट कमी चांगल्या गोष्टीकडे नेत असेल, किंवा आधीची शांती जात असेल, तर विचाराचा उगम चांगला नव्हे. निवडीसाठी त्याची एक रीत अशी : कधी न भेटलेला माणूस याच पेचात असता तर त्याला काय सुचवले असते, ते स्वतः करा.

1527मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनेही असाच व्यवहारी विवेक सांगितला. पाळक आणि अधिकारी यांनी जागा सोडू नये. आजाऱ्यांची काळजी घेणारे दुसरे असतील तर इतरांनी जायला हरकत नाही. औषध नाकारणे म्हणजे विश्वास नव्हे, तर देवाची परीक्षा पाहणे.

सबंध मंडळीने मिळून केलेल्या पारखीचे ठळक उदाहरण म्हणजे मे 1934मधला बार्मेनचा जाहीरनामा. हिटलरच्या राजवटीत जर्मनीतल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या 139 प्रतिनिधींनी सहा कलमे मांडली. प्रत्येकाची बांधणी एकच : आधी शास्त्रवचन, मग आम्ही काय मानतो, मग कोणती शिकवण नाकारतो. नाकारणे स्पष्ट लिहिल्याने पळवाट उरली नाही. तरी या कलमांत यहुद्यांच्या छळाविषयी एक शब्दही नव्हता. मसुद्याचा मुख्य लेखक, स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ याने तीन दशकांनंतर एका पत्रात याबद्दल स्वतःला दोषी मानले.