टीबीची सुई आणि मामांचे कान

आमच्या मोठ्या मामांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. माणसाचं बोलणं कळतं, तेही समोरच्याच्या ओठांकडे बघत. काही वर्षांपूर्वी इथे नागपुरात त्यांचा टीबी बिघडला, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा, एमडीआर झाला. सहा महिन्यांहून जास्त काळ त्यांनी कानामायसिनच्या सुया घेतल्या. टीबी गेला, पण शिट्टीसारखे उंच पट्टीचे आवाजही कायमचे गेले.

या सुईची गोष्ट 1943 मध्ये सुरू होते. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने मातीतल्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. पेनिसिलिनला न जुमानणारा टीबीचा जंतू याने मरत होता. रुग्णांवर ते आधी वापरून पाहिलं मिनेसोटाच्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी. (आपल्या नागपुरातल्या मेयो रुग्णालयाशी तिचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं.) 1952 चं नोबेल एकट्या वाक्समन यांना मिळालं, शॅट्झ यांचं नाव त्यात हवंच होतं, असं मला मनापासून वाटतं. 1948 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीचे निकाल आले आणि कळलं, की एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू काही महिन्यांत दाद देईनासा होतो. टीबीला एकाच वेळी अनेक औषधं देतात, ती यामुळेच. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने स्ट्रेप्टोमायसिन बनवलं.

पुढे 1957 मध्ये जपानच्या हामाओ उमेझावा यांचं कानामायसिन आलं, 1963 मध्ये जेंटामायसिन, 1972 मध्ये अमिकासिन. स्ट्रेप्टोमायसिनसकट ही सगळी अमिनोग्लायकोसाइड्स या एकाच गटातली औषधं. जंतूच्या रायबोसोमला, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, चिकटून ती त्याची प्रथिनं चुकीची बनवायला लावतात. पोटातून रक्तात जवळजवळ उतरतच नाहीत, म्हणून गोळी नाही, सुईच. रक्तातून ती मूत्रपिंडात आणि आतल्या कानात साचतात. मूत्रपिंड बहुतेक वेळा सावरतं. कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मात्र एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि आधी मरतात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या.

2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमडीआरच्या उपचारातून कानामायसिन काढायला सांगितलं. आता बहुतेकांचं गोळ्यांवर भागतं. जेंटामायसिन मात्र नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला की आजही लागतं, वजनावर मोजून, थोडे दिवस. टीबीसाठी अमिकासिन द्यायचंच झालं, तर आधी आणि नंतर ठरावीक काळाने ऑडिओमेट्री करावी लागते. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं.

मामांची ही तपासणी एकदाही झाली नव्हती.