लाकडी बाहुलीघर : संचातून पहिली बांधणी

कारखान्यात कापून दिलेले लाकडी भाग जुळवून उभारलेले, ठरावीक प्रमाणात लहान केलेले घर म्हणजे संचातील बाहुलीघर. पेटीत भिंती, मजल्यांच्या फळ्या, छपराची पाखी, जिना, दारे-खिडक्यांच्या चौकटी आणि शोभेच्या पट्ट्या असतात. सोबत भागांचा नकाशा आणि जुळणीची पुस्तिका येते. गोंद, रंग, भिंतींचा कागद, दिवे यांपैकी बहुतेक गोष्टी बांधणाऱ्याला वेगळ्या आणाव्या लागतात. धारदार सुरी, काचकागद आणि गोंद नीट हाताळता येणाऱ्या कोणालाही असे घर बांधता येते. पहिल्या घरात बिघाड होतो तो बहुधा कामांचा क्रम चुकल्यामुळे. भिंत चिकटून पक्की झाल्यावर तिच्यामागचा कोपरा रंगवायचा राहिला आहे हे लक्षात येते आणि तोवर तिथे हात पोहोचेनासा झालेला असतो. म्हणून या नोंदीत साधनांपेक्षा क्रमाचा विचार अधिक केला आहे.

बाहुलीघरांचा इतिहास संचांपेक्षा बराच जुना आहे. बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्ट पाचवा याने १५५७–५८ च्या सुमारास करवून घेतलेले घर हे नोंद असलेल्या सर्वांत जुन्या बाहुलीघरांपैकी एक होय. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असलेले पेट्रोनेला ऊर्टमान हिचे घर साधारण १६८६ ते १७१० या काळात सजवले गेले. अशी घरे श्रीमंतांच्या संग्रहाच्या वस्तू होत्या आणि त्यांतील प्रत्येक खोलीचे काम त्या त्या धंद्यातल्या कारागिरांकडून करून घेतलेले असे. वास्तुशिल्पज्ञ एडविन लट्येन्स यांच्या आराखड्यानुसार १९२१ ते १९२४ या काळात बांधलेले राणी मेरीचे बाहुलीघर आज विंडसर किल्ल्यात आहे. ते १:१२ या प्रमाणात असून संग्राहकांच्या बहुसंख्य घरांचे आणि संचांचे प्रमाणही आज हेच आहे.

१:१२ म्हणजे प्रत्यक्षातला एक फूट बाहुलीघरात एक इंच. आठ फूट उंचीची खोली या प्रमाणात आठ इंच, म्हणजे सुमारे २० सेंमी. भरते आणि दोन-तीन मजल्यांचे घर सहज टेबलभर जागा घेते. १:२४ मध्ये प्रत्येक माप याच्या निम्मे होते, त्यामुळे घर कपाटाच्या फळीवर मावते. मात्र खिडक्यांच्या पट्ट्या आणि कठड्याचे गज इतके बारीक होतात की ते हाताळायला चिमटा लागतो. १:४८ चे घर तळहाताएवढ्या खोल्यांचेच असते. फॅशन बाहुल्यांसाठी १:६ हे मोठे प्रमाण वापरतात. पहिल्या घरासाठी १:१२ हेच प्रमाण घ्यावे, कारण भाग बोटांत नीट धरता येतात आणि या प्रमाणातील फर्निचर, दिवे व दारे-खिडक्या सर्वांत जास्त उपलब्ध असतात. मात्र खरेदीपूर्वी तयार घराची लांबी, रुंदी आणि उंची मोजपट्टीने प्रत्यक्ष जागेवर आखून पाहावी. घर ज्या दारातून न्यायचे आहे त्या दाराचे मापही घ्यावे.

संचांचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात सुमारे ३ मिमी. जाडीच्या प्लायवुडच्या पत्र्यांवर साच्याने दाबून भाग कापलेले असतात आणि एका भागाचा दात दुसऱ्याच्या खाचेत बसवून घर उभे राहते. हे संच स्वस्त असतात आणि त्यांतून कमानी, मनोरे, बाहेर झुकलेल्या खिडक्या असे गुंतागुंतीचे आकार साधतात. पण भाग पुष्कळ असतात आणि काम लांबते. दुसऱ्या प्रकारात ६ ते १० मिमी. जाडीच्या एमडीएफच्या (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीच्या) किंवा चांगल्या प्लायवुडच्या मोजक्या फळ्या असून मजले व आतल्या भिंती बसवण्यासाठी त्यांत आधीच खोबणी पाडलेल्या असतात. तिसरा प्रकार लेझरने कापलेल्या पातळ लाकडाचा. छोट्या प्रमाणातील एकेका खोलीचे संच बहुधा या प्रकारचे असतात. भिंतीच्या जाडीचा विचार नवख्याच्या मनात सहसा येत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. १:१२ मध्ये ९.५ मिमी. जाडीची फळी खऱ्या घरातील ११ सेंमी.हून थोड्या जास्त जाडीच्या भिंतीसारखी दिसते, तर ३ मिमी.ची फळी जेमतेम साडेतीन सेंमी.ची. सुट्या विकल्या जाणाऱ्या दारे-खिडक्या बहुतेक जाड भिंतींसाठी बनवलेल्या असतात; त्या पातळ भिंतीत बसवायच्या तर भोकाभोवती आतून पट्ट्या लावून जाडी वाढवावी लागते. ज्याला स्वतःच्या निवडीच्या खिडक्या आणि दिवे हवे आहेत त्याने दुसऱ्या प्रकारचा संच घेणे हिताचे.

पेटी उघडल्यावर पहिले काम म्हणजे वाचन. पुस्तिका शेवटपर्यंत वाचावी, प्रत्येक भाग नकाशाशी ताडून पाहावा आणि एखादा भाग नसेल किंवा फुटलेला असेल तर तो गोंदाची बाटली उघडण्यापूर्वी मागवावा. साच्याने कापलेल्या संचात भाग पत्र्यातून सुटे करण्याआधी प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक लिहावा, कारण एकदा सुटे झालेले सारखे दिसणारे तुकडे ओळखणे फार कठीण जाते. क्रमांक अशा बाजूवर लिहावा जी पुढे झाकली जाणार आहे. कापाची रेषा बहुधा मागच्या बाजूपर्यंत पूर्ण गेलेली नसते. अशा वेळी भाग अंगठ्याने जोरात ढकलला तर वरचा पापुद्रा उचकटतो, म्हणून मागून सुरी फिरवून उरलेले तंतू कापावेत आणि मगच भाग काढावा. उचकटलेला पापुद्रा गोंद लावून, वर मेणकागद ठेवून, वजनाखाली वाळवला की पूर्ववत बसतो. सर्व पातळ भाग एकदम सुटे करू नयेत. पत्र्यात असेपर्यंत ते सपाट राहतात, सुटे झाल्यावर हवेतल्या दमटपणाने त्यांना बाक येतो. बाक आलाच तर खोलगट बाजू किंचित ओली करून भाग सपाट पृष्ठावर वजनाखाली एक-दोन दिवस ठेवावा.

काचकागद मारण्याच्या कामात कुचराई करू नये. कडांसाठी १२० क्रमांकाचा, पृष्ठांसाठी २२० चा आणि रंगाच्या दोन हातांच्या मधे त्याहून बारीक कागद पुरतो. दात आणि खाचा मात्र जपून घासाव्यात. थोडे जास्त घासले गेले की सांधा सैल होतो आणि तो गोंदाने भरून निघत नाही. लेझरने कापलेल्या भागांच्या कडा जळून तपकिरी झालेल्या असतात. त्यांची काजळी रंगात मिसळू नये म्हणून त्या हलक्या हाताने साफ कराव्यात. एमडीएफची धूळ फार बारीक असल्याने ती घासताना तोंडाला मास्क लावावा आणि खोली हवेशीर असावी.

यानंतर कोरडी जुळणी, म्हणजे गोंदाशिवाय संपूर्ण घर कागदी चिकटपट्टीने उभे करून पाहणे. अनेक जण ही पायरी गाळतात. वस्तुतः सगळ्या कामात हीच सर्वांत फलदायी आहे. घर उभे राहिले की कोणता दात घट्ट आहे, कोणती भिंत उलटी धरली गेली होती, जिन्याचे वरचे टोक मजल्याच्या भोकाशी जुळते का, हे सारे दिसते. त्याच वेळी प्रत्येक खोलीत हात घालून पाहावा आणि छप्पर बसल्यावर कोणते कोपरे आवाक्याबाहेर जातील याची यादी करावी. त्या यादीतील प्रत्येक काम चिकटवण्यापूर्वी संपवायचे. भिंतींच्या आतल्या बाजूवर मजल्याच्या रेषा पेन्सिलीने आखून घ्याव्यात, म्हणजे घर पुन्हा सुटे केल्यावर कागद आणि रंग कुठवर लावायचा ते कळते. सांध्याची जागा मात्र रंगापासून मोकळी ठेवावी, कारण गोंद लाकडाच्या तंतूंत शिरून धरतो. रंगावर लावलेला गोंद फक्त रंगालाच धरून राहतो.

लाकडावर रंगद्रव्य मुरवून त्याचा नैसर्गिक पोत दाखवायचा असेल, तर ते काम गोंदाच्या आधीच करावे लागते. सांडलेला गोंद वाळला की तिथे रंग मुरत नाही आणि पांढुरका डाग कायमचा राहतो. अपारदर्शक रंगासाठी आधी अस्तराचा एक हात द्यावा. एमडीएफच्या कापलेल्या कडा रंग शोषून घेतात, त्यांना अस्तराचे दोन-तीन हात लागतात. पातळ फळीच्या एकाच बाजूला रंग दिला तर दोन बाजूंना ओलावा कमी-जास्त बसून ती वाकते. म्हणून दोन्ही बाजूंना अस्तर द्यावे.

सांगाड्यासाठी सुतारकामाचा पांढरा किंवा पिवळा गोंद वापरावा. पिवळा लवकर पकडतो, तर पांढरा भाग सरकवून नीट बसवायला थोडा अधिक वेळ देतो. नवख्याला पांढरा सोयीचा पडतो. गोंदाची रेघ बारीक असावी, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसावा आणि सांधा अर्धा-पाऊण तास दाबून धरलेला राहील अशी व्यवस्था करावी. पूर्ण ताकद यायला सुमारे २४ तास लागतात. दाबण्यासाठी चिकटपट्टी, रबरबँड, लहान क्लँप किंवा पुस्तकांचा भार चालतो. गरम करून सोडण्याच्या गोंदाचा मोह वेगामुळे होतो, पण तो काही सेकंदांत घट्ट होत असल्याने भाग सरळ करायला सवड मिळत नाही, त्याच्या जाड थरामुळे सांध्यात फट राहते आणि पुढे उष्णता-थंडीच्या फेऱ्यांत तो सुटतो. सांगाड्यासाठी तो वापरू नये. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद शोभेच्या अगदी लहान तुकड्यांपुरता ठेवावा.

चिकटवताना काटकोन तपासण्याचा गुण्या सतत हाताशी हवा. पायाची फळी आणि पहिली भिंत यांच्यातला कोन थोडासा चुकला, तर ती चूक प्रत्येक मजल्यागणिक वाढत जाते आणि अखेर पाखी आढ्यावर जुळत नाहीत. म्हणून पहिले दोन-तीन सांधे उतावीळ न होता, एकेक पूर्ण वाळू देऊन करावेत. सगळे काम एका सपाट, जाड फळीवर करावे. टेबल जरासे वाकडे असेल तर घरही त्याच वाकडेपणाने वाळते.

दिव्यांचा निर्णय कागद लावण्याआधी घ्यावा लागतो. तारा नेण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत चिकट पट्टीवर बसवलेल्या तांब्याच्या दोन पातळ फिती भिंतीवर चिकटवून त्यांवरून कागद लावतात आणि हव्या त्या जागी टोचून दिवा जोडतात. दुसरीत प्रत्येक दिव्याची गोल तार खाचेतून किंवा पाटपट्टीमागून (भिंतीच्या तळाशी फरशीलगत लावलेल्या पट्टीमागून) घराच्या मागे काढतात. जाड भिंतीच्या घरात दोन्ही चालतात. पारंपरिक छोटे दिवे बहुधा १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालतात. एलईडी दिव्याचा व्होल्टेज वेगळा असू शकतो, म्हणून दोहोंची सरमिसळ करण्यापूर्वी दिव्यावर दिलेली माहिती पाहावी. प्रत्येक जोड दिल्यावर दिवा लावून पाहावा. कागदाखाली गेलेला तुटका जोड शोधण्यासाठी पुढे कागदच फाडावा लागतो.

आतल्या सजावटीचा क्रम खऱ्या घरासारखाच आहे: आधी छत, मग भिंती, मग फरशी आणि शेवटी पाटपट्ट्या व छताच्या कडेच्या पट्ट्या, कारण वरच्या कामाचे डाग आणि कडांच्या फटी त्यानंतरच्या कामात झाकल्या जातात. प्रत्येक भिंतीसाठी साध्या कागदाचा नमुना कापून बसवून पाहावा व त्याबरहुकूम भिंतीचा कागद कापावा. मागच्या भिंतीचा कागद दोन्ही कोपऱ्यांतून काही मिलिमीटर वळवून घेतला आणि बाजूच्या भिंतींचे कागद नेमके कोपऱ्यापर्यंत लावले, की कोपऱ्यात पांढरी फट दिसत नाही. कागदावरचे नक्षीकाम बारीक असावे. मोठ्या फुलांचा कागद खोलीचे प्रमाण क्षणात मोडतो. दारे-खिडक्या रंगवून तयार ठेवाव्यात, पण कागद आणि बाहेरचा रंग झाल्यावरच बसवाव्यात. रंग व कागद यांच्या थराने भोक किंचित अरुंद होते, त्यामुळे चौकट अडली तर ती दाबून न बसवता भोकाची कड घासावी. जिना आणि कठडा टेबलावर जोडून, रंगवून, अखंड बसवणे सोपे.

छप्पर उशिरात उशिरा चिकटवावे. पाख्यांवर लाकडी चकत्यांची कौले लावायची असतील, तर पेन्सिलीने समांतर रेषा आखून खालच्या कडेपासून आढ्याकडे चढत जावे, प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर चढवावी आणि वरच्या ओळीतील सांधे खालच्या ओळीतील सांध्यांवर येऊ देऊ नयेत. चकत्यांना रंग आधी द्यावा. पाण्यावर आधारित गोंदाने पातळ चकत्या वळतात. त्यांच्यासाठी घट्ट, कमी पाण्याचा बांधकामाचा गोंद चांगला. एवढे काम कंटाळवाणे वाटले तर रंगवलेले साधे पाखेही पहिल्या घराला शोभते, आणि ते पुढे केव्हाही कौलारू करता येते.

बाहेरच्या बाजूच्या फटी लांबीने (पुट्टीने) भरून, घासून रंग द्यावा. घर लहान मुलांच्या खेळासाठी असेल तर संचाची निवडच वेगळी करावी लागते: जाड फळ्या, मोजके भाग आणि गुळगुळीत कडा असलेले घर त्यांना हवे. सुटे होणारे बारीक तुकडे तीन वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतात. तयार घर थेट उन्हात ठेवू नये, कारण कागद व कापड विटते. स्वयंपाकघराच्या वाफेजवळ आणि हीटरजवळही ठेवू नये, तिथे सांधे उघडतात. समोरून पारदर्शक झाकण लावल्यास धूळ पुष्कळ कमी बसते. उरलेल्या रंगाची बाटली, कागदाचा तुकडा, जादा कौले आणि पुस्तिका एका डबीत घालून तिच्यावर घराचे नाव लिहून ठेवावे, कारण कठड्याचा गज तुटला किंवा भिंतीला ओरखडा गेला तर अगदी तीच छटा पुन्हा मिळवणे अवघड असते.