स्कोप बिघडलेला नाही, आधी झूमची रिंग बघा

(एअरगनसाठी मिल-डॉटचा स्कोप नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

"भिंत ३० मीटरवर आहे आणि तुमचा स्कोप ६० सांगतो." "काल बरोबर येत होतं, आज चुकतंय." "माल डुप्लिकेट दिला का?" ही तक्रार घेऊन जालना, परभणी, गेवराईकडून लोक एसटीने आमच्यापर्यंत येतात. आम्ही स्कोप हातात घेतो, झूमची रिंग फिरवतो आणि तोच स्कोप परत देतो. काम दोन मिनिटांचं, पण तुमचा अख्खा दिवस जातो आणि काउंटरवरची बाकीची मंडळी खोळंबतात. म्हणून हे पत्रक आता प्रत्येक डब्यात घालतोय. कृपया फोन करण्याआधी एकदा वाचा.

स्कोपने अंतर काढायचा हिशेब तुम्हाला माहीत आहेच, तरी एका ओळीत सांगतो: वस्तूची रुंदी किंवा उंची मिलिमीटरमध्ये घ्यायची, ती रेटिकलवर (स्कोपमध्ये दिसणाऱ्या फुली-ठिपक्यांवर) किती मिल भरते त्या आकड्याने भागायची, उत्तर मीटरमध्ये येतं. १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटीमीटर, एवढ्यावरच सगळं उभं आहे. इंचात मोजलं असेल तर आधी २५.४ ने गुणा. मिल मोजताना एका ठिपक्याच्या मध्यापासून पुढच्या ठिपक्याच्या मध्यापर्यंत मोजायचं. कडेपासून कडेपर्यंत धरलं तर गडबड होते, कारण ठिपका स्वतःच पाव मिलच्या आसपास असतो.

आता मुख्य गोष्ट. आम्ही विकतो त्यातले बहुतेक झूम स्कोप 'सेकंड फोकल प्लेन'चे आहेत, डब्यावर एसएफपी लिहिलेलं असतं. यात झूम वाढवला की समोरची वस्तू मोठी दिसते, पण रेटिकल आहे तेवढंच राहतं. म्हणजे ठिपक्यांमधलं १ मिलचं अंतर फक्त एकाच झूमवर खरं असतं. ३-९ च्या (३ ते ९ पट झूमच्या) स्कोपमध्ये ते बऱ्याचदा ९ वर असतं, ४-१६ मध्ये बऱ्याचदा १० वर, तर काहींमध्ये थेट १६ वर. पुस्तिकेत ते छापलेलं असतं, पण पुस्तिका डब्याबरोबर भंगारात जाते हेही आम्हाला माहीत आहे.

उदाहरण शेतातलंच घेऊ. पीव्हीसी पाइपवरचा ६३, ७५, ९० हा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो, त्यामुळे घरात पडलेला पाइपचा तुकडा म्हणजे मोजून ठेवलेली वस्तूच. ९० चा पाइप टेपने मोजून बरोबर ३० मीटरवर उभा केला तर तो ३ मिल भरला पाहिजे. समजा तुमचा स्कोप १० वर खरा आहे आणि तुम्ही ५ वर बघताय. पाइप दीड मिलच दिसेल, ९० भागिले दीड म्हणजे ६० मीटर. झालं, स्कोप डुप्लिकेट! तोच १६ वर नेला तर पाइप ४.८ मिल भरेल आणि उत्तर पावणेएकोणीस मीटर येईल. काल बरोबर आणि आज चूक येण्याचं कारणही हेच असतं. रात्रीतून काच बदलत नाही, घरातल्या पोरांनी रिंग फिरवलेली असते.

रिंग हलवायची नसेल तर आलेल्या उत्तराला लावलेल्या झूमने गुणा आणि खऱ्या झूमने भागा. वरच्या उदाहरणात ६० गुणिले ५ भागिले १० म्हणजे ३०. पण खरं सांगायचं तर शेताच्या बांधावर उन्हात उभं राहून हा गुणाकार कोणी करत नाही. अंतर काढताना रिंग खऱ्या झूमवर आणा आणि मग बघा.

खरा झूम कोणता हे पुस्तिका नसली तरी काढता येतं. पाइप ३० मीटरवर उभा करा. अंतर टेपनेच मोजा, पावलांनी नको. कपाशीच्या ओळी मोजून तर अजिबात नको, लागवडीचं अंतर प्रत्येकाचं वेगळं. स्कोप वाळूच्या पिशवीवर किंवा तिकाटण्यावर घट्ट बसवा. मागची, डोळ्याजवळची रिंग फिरवून रेटिकल आणि पुढची फोकसची रिंग फिरवून पाइप स्वच्छ करून घ्या. डोळा जरा इकडेतिकडे हलवल्यावर ठिपके पाइपवरून सरकत असतील तर फोकस अजून जमलेला नाही. मग झूमची रिंग हळूहळू फिरवत पाइप बरोबर तीन मिलमध्ये बसेल तिथे थांबा. त्या जागी पांढऱ्या नेलपॉलिशचा एक ठिपका लावा. रिंगवर छापलेला १० आणि तुमचा ठिपका थोडा मागेपुढे आला तर घाबरू नका, छापलेले आकडे अंदाजाचेच असतात. विश्वास ठिपक्यावर ठेवायचा.

याहून पक्कं हवं असेल तर फळीवर ५० सेंटीमीटर अंतरावर दोन काळ्या पट्ट्या चिकटवा आणि फळी ५० मीटरवर ठेवा. मधल्या फुलीच्या दोन्ही बाजूंना चार-चार ठिपके असलेल्या नेहमीच्या रेटिकलमध्ये एका जाड काडीच्या टोकापासून समोरच्या जाड काडीच्या टोकापर्यंत १० मिल होतात, तेवढ्यात त्या दोन पट्ट्या बसल्या पाहिजेत. वस्तू जितकी जास्त मिल भरेल तितकी चूक कमी. तीनच्या जागी अडीच वाचलं तर ३० चे ३६ मीटर होतात. दहाच्या जागी साडेनऊ वाचलं तर ५० चे साडेबावन्नच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यात हा प्रयोग सकाळी आठच्या आत उरका. दुपारी जमिनीवरून गरम हवेच्या लहरी उठतात, पाइपची कड नाचते आणि मग अर्ध्या मिलचा वाद आमच्याशी होतो.

"मग असे स्कोप विकताच कशाला?" हा प्रश्नही ठरलेला. 'फर्स्ट फोकल प्लेन' म्हणजे एफएफपीमध्ये रेटिकल झूमबरोबर लहानमोठं होतं, त्यामुळे कुठल्याही झूमवर मिल खरा राहतो. तोही आम्ही ठेवतो. पण तो बराच महाग पडतो आणि कमी झूमवर त्याच्या काड्या इतक्या बारीक होतात की सावलीतला डबा आणि फुली एकमेकांत मिसळतात. २० ते ४० मीटरवर रिकामे डबे पाडणाऱ्याला आम्ही एसएफपीच देतो आणि उरलेल्या पैशात चांगले छर्रे आणि मजबूत माउंट (स्कोप बंदुकीवर बसवायची पकड) घ्या म्हणतो. फील्ड टार्गेटचा, म्हणजे दर निशाणाचं अंतर स्वतः काढून नेम धरायच्या खेळाचा नाद लागला असेल तर मात्र या, एफएफपी हातात घेऊन बघा, मग ठरवा.

स्प्रिंगच्या एअरगनवर साधा, स्वस्त स्कोप बसवू नका. तिचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो आणि त्यात रेटिकल निखळतं. तिथे खरंच स्कोप खराब होतो, आणि बाहेरून आणलेल्या मालाची हमी आम्ही घेत नाही. रेटिकल मिलचं आणि वरची नेम जुळवायची खुंटी पाव एमओएच्या (हे कोनाचं वेगळं माप) क्लिकची, असाही मेळ बाजारात फार आहे. पाव एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर, २५ मीटरवर दोनालाही कमी. क्लिक मोजताना हे ध्यानात ठेवा.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर "स्वप्नील कुसाळेच्या रायफलवर कोणता स्कोप आहे, तोच द्या" म्हणणारे बरेच आले. कोणताच नाही! त्या स्पर्धेत दुर्बिणीचा स्कोप चालत नाही, भोकातून बघायची साधी साइट असते. ऑलिंपिकच्या वाटेने जायचं असेल तर स्कोपवर पैसे घालू नका, रेंजवर नाव घाला.

अंतर काढायचा सराव करताना स्कोप बंदुकीवरून उतरवून घ्या. शेजाऱ्याच्या शेतातला आखाडा किती लांब आहे हे बघायला भरलेली बंदूक तिकडे रोखणं हा सराव नव्हे, त्यातून भांडणं झालेली आहेत. आणि रोही, रानडुक्कर, मोर यांच्यासाठी कोणी स्कोप मागितला तर आम्ही देत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात एअरगनला सूट नाही. पिकाचं नुकसान होतं हे आम्हाला कळतं, आमचीही शेती आहे, पण त्याचा अर्ज वनविभागाकडे करायचा असतो.

आमच्या गोदामामागे ३० मीटरवर ९० चा पाइप कायमचा रोवलेला आहे. आमच्याकडून नेलेल्या स्कोपवर खऱ्या झूमचा ठिपका फुकट लावून मिळेल, दुसरीकडून आणला असेल तर किरकोळ मजुरी घेऊ. येताना फक्त स्कोप, माउंट आणि बिल आणा, बंदूक घरीच ठेवा. सकाळी दहाच्या आधी आलात तर लगेच काम होईल. नंतर ऊन चढतं आणि पाइप नीट दिसत नाही, मग दुसऱ्या दिवशी या म्हणावं लागतं.