कनेक्टिंग फ्लाइटची वाट आणि धावपट्टी २७

नागपूरहून किंवा गोव्याहून परदेशी निघालात, की बहुतेक वेळा मुंबईत तीन-चार तास काढावे लागतात. टर्मिनल २ मधली दुकानं त्यातला काही वेळ खातात, महागडी कॉफी आणखी थोडा. उरलेल्या वेळासाठी माझी शिफारस अशी, की धावपट्टी दिसेल अशी एखादी काच गाठा आणि ठाण मांडून बसा. या छंदाला प्लेन स्पॉटिंग म्हणतात. त्यातले कट्टर लोक प्रत्येक विमानाचा नोंदणी क्रमांक वहीत टिपतात, कुठल्या कंपनीने शेपटीचा रंग बदलला यावर तावातावाने वाद घालतात. मला त्या वह्यांचं फार आकर्षण नाही. हवा एरवी डोळ्यांना दिसत नाही, पण तिचं काय चाललंय ते विमानतळावर बसल्या जागी कळतं, यात मला जास्त गंमत वाटते.

आधी विमानं कुठून येताहेत ते पाहा. मुंबईत वर्षातला बराच काळ ती पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरतात आणि पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने उडतात. दुपारी समुद्रावरून वारा येतो, पावसाळ्यात तर दिवसभर नैऋत्येचा असतो, आणि विमानाला उतरताना-उडताना समोरून वारा हवा असतो. पंखावरून पुरेशा वेगाने हवा वाहिली की उचल मिळते; त्या वेगातला काही वाटा वाऱ्याने उचलला, तर जमिनीच्या मानाने विमानाला तेवढं कमी पळावं लागतं.

याचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. एअरबस ए३२० उतरताना हवेच्या मानाने साधारण १३५ नॉट, म्हणजे ताशी २५० किलोमीटरच्या वेगात असतं. समोरून १० नॉट वारा असेल, तर चाकं टेकताना जमिनीवरचा वेग १२५ नॉट भरतो. तोच वारा पाठीमागून असला, तर १४५. फरक किरकोळ वाटतो. पण थांबताना ब्रेकना जी ऊर्जा जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दुसऱ्या प्रसंगी ती पहिल्याच्या मानाने एक तृतीयांशाहून अधिक वाढते. पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याची मर्यादा म्हणूनच बहुतेक प्रवासी विमानांना १०-१५ नॉटच्या आसपास घातलेली असते. वारा पुरता फिरला की हवाई नियंत्रण कक्ष सगळी रांगच उलटी करतो आणि विमानं जुहूच्या समुद्रावरून यायला लागतात.

धावपट्टीच्या टोकाला रंगवलेले आकडेही दिशा सांगतात. होकायंत्रावरची दिशा जवळच्या दहाच्या पटीत घ्यायची आणि शेवटचं शून्य सोडून द्यायचं. पश्चिमेकडे तोंड केलं तर २७०, म्हणून २७. तीच पट्टी उलट बाजूने ०९. मुंबईची दुसरी, आखूड पट्टी १४/३२ ही मुख्य पट्टीला छेदते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सरकत राहतं, त्यामुळे अधूनमधून हे आकडे पुसून नवे रंगवावे लागतात. लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावर २००९ मध्ये ते काम झालं.

जून ते सप्टेंबरमध्ये मुंबईत थांबा असेल, तर तुमचं नशीब थोर. नैऋत्येचा वारा पश्चिमेच्या धावपट्टीला तिरका बसतो. उतरणारं विमान नाक डावीकडे, वाऱ्याकडे वळवून येतं आणि तरी सरकतं मात्र पट्टीच्या रेषेतच. खेकड्याच्या चालीवरून या प्रकाराला क्रॅबिंग म्हणतात. टेकण्याच्या अगदी आधी वैमानिक पायाखालच्या पेडलने शेपटीवरचं सुकाणू, म्हणजे रडर, वळवून नाक सरळ करतो. हा क्षण बघायला मिळाला, तर हातातला मोबाइल खाली ठेवून बघा.

पावसाळ्यातली दुसरी मेजवानी पंखांवर दिसते. पंखाच्या खाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी. टोकापाशी खालची हवा वर वळते आणि विमानामागे भोवरा सोडते. पंखाच्या मागच्या बाजूला उतरताना खाली वळणाऱ्या पट्ट्यांच्या, म्हणजे फ्लॅपच्या, कडांवरही असेच भोवरे तयार होतात. भोवऱ्याच्या गाभ्यात दाब एकदम उतरतो, हवा प्रसरण पावते आणि थंड होते. मुंबईच्या जुलैतली हवा आधीच बाष्पाने ओथंबलेली. तेवढं थंड होणं तिला पुरतं. पंखामागून पांढरे दोरे निघाल्यासारखे दिसतात. शेजारचा प्रवासी त्याला धूर म्हणेल, पण ते पाण्याचे थेंब आहेत, काही सेकंदांपुरता जन्मलेला ढग.

दोरे दिसोत वा न दिसोत, भोवरे असतातच, आणि ते मागच्या विमानाला उलथवू शकतात. विमान जितकं जड आणि संथ, तितका भोवरा जोरदार. म्हणजे उतरण्याची वेळ त्यासाठी अगदी अनुकूल. त्यामुळे बोइंग ७७७ सारख्या जड विमानामागे ए३२० असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे दोघांत ५ सागरी मैल, म्हणजे ९ किलोमीटरहून जास्त अंतर राखतात. पुढे दुबईहून आलेलं, त्याहूनही अवजड एअरबस ए३८० असेल तर ७ मैल. रांगेत अचानक मोठी फट पडली, तर तिच्या आधी कोण उतरलं ते आठवून पाहा.

पंखांची वर वळलेली टोकं हे याच भोवऱ्यांवरचं उत्तर. खरं तर पंख नुसता लांब केला तरी भोवऱ्यांमुळे होणारा विरोध कमी होतो, पण लांब पंखाचं विमान उभं करायला जागा लागते. ए३२० ज्या गटात मोडतं, त्या गटाच्या पार्किंगला पंखांच्या विस्ताराची मर्यादा ३६ मीटर. टोकं वर वळवलेल्या ए३२०चा विस्तार ३५.८ मीटर आहे! ए३८० सुद्धा ८० मीटरच्या चौकटीत जेमतेम मावतं. बोइंगने ७७७एक्ससाठी तर जमिनीवर दुमडणारी टोकंच बनवली, ७२ मीटरचा पंख ६५ मध्ये बसवायला. पंखाचा आकार फक्त वायुगतिकीचे तज्ज्ञ ठरवतात असं मी पूर्वी समजत असे. त्यात पार्किंगवाल्यांचाही वाटा असतो.

चाकं टेकताना उडणारा धूर मात्र खराच, जळलेल्या रबराचा. हवेत स्थिर असलेलं चाक एका क्षणात ताशी अडीचशे किलोमीटरशी जुळवून घेतं, तोवर ते घसटत जातं. हे रबर पट्टीवर साचतं आणि ओल्या पट्टीवर पकड कमी करतं. ते काढणं हा देखभालीचा भाग असतो. मुंबईत पावसाळ्याआधी आणि नंतर दुरुस्तीसाठी धावपट्ट्या काही तास बंद ठेवतात, त्यातही हे काम उरकतात.

दोन पट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने मुंबईत दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्र वाहतूक चालवता येत नाही. सगळा भार एकीवर, आणि गर्दीच्या तासाला ४५च्या आसपास उड्डाणं-उतरणी. म्हणजे दर ८० सेकंदांना एक. पुढचं विमान पट्टीवरून बाहेर पडायला रेंगाळलं, की मागचं पुन्हा वर उसळी घेतं. त्याला गो-अराउंड म्हणतात. आतले प्रवासी देवाचं नाव घेतात. वैमानिकांसाठी तो सरावातला प्रकार आहे.

कुठलं विमान कुठून आलं हे मोबाइलवरची अॅप सांगतात. विमान १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा सेकंदाला साधारण दोनदा जाहीर करत असतं, आणि गच्चीवर छोटा अँटेना लावलेले हौशी लोक ती ऐकून पुढे पाठवतात. फोटो काढायचे तर सुरक्षा तपासणीची जागा टाळा. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं, तिथे कॅमेरा बॅगेतच बरा.

मुंबईहून पश्चिमेला उडताना उजवीकडची खिडकी मिळाली, तर उड्डाणानंतर लगेच खाली जुहूची धावपट्टी शोधा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथेच उतरले होते. तिची ०८ दिशा सांताक्रूझच्या, म्हणजे मुंबईच्या मुख्य विमानतळाच्या, ०९ शी जवळजवळ समांतर आहे, आणि समुद्राकडून येताना जुहू आधी लागतं. १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट जेट चुकून जुहूला उतरलं. २४ सप्टेंबर १९७२ च्या सकाळी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तेच केलं. जेमतेम अकराशे मीटरची पट्टी त्याला पुरली नाही, ते पुढे खड्ड्यात जाऊन निकामी झालं. जीव मात्र कुणाचा गेला नाही. कॉमेट सुदैवी ठरलं, काही दिवसांनी त्याच छोट्या पट्टीवरून ते उडून गेलं.