कुलाब्याची रजिस्टरं आणि १८५९ चं सौर वादळ

विज्ञानाचा इतिहास लिहायला बसलं की लोक आधी शोधनिबंध, मोठ्या शास्त्रज्ञांची पत्रं आणि चरित्रं काढतात, रोज भरलेली आकड्यांची रजिस्टरं कोण बघतंय. पण खरा ऐवज बऱ्याचदा तिथेच असतो, आणि याचं एक जबरदस्त उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. १८४० च्या दशकात तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टनचे प्रोफेसर ऑर्लेबार प्रमुख, हाताखाली तरुण केरूनाना छत्रे, म्हणजे पुढे टिळकांना गणित शिकवलं तेच. काम काय, तर टांगलेला चुंबक किती हलला ते तासातासाला डोळ्यांनी बघायचं, आकडा लिहायचा, आणि चुंबक जास्तच हलायला लागला की दर पाच-पंधरा मिनिटांनी. रात्रपाळीतही!

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावरचा स्फोट बघितला, दुसऱ्या दिवशी त्याचा तडाखा पृथ्वीच्या चुंबकत्वाला बसला (हेच ते सौर वादळ) आणि जगभर तारयंत्रं बिघडली. तिकडे फोटोच्या कागदावर रेकॉर्ड करणारी नवी उपकरणं होती, पण वादळ एवढं मोठं की प्रकाशाचा ठिपका कागदाच्या बाहेरच गेला. कुलाब्याला मात्र माणूस बघत होता आणि लिहीत होता, म्हणून चुंबकीय क्षेत्र साधारण १६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली आलं हे आज आपल्याला कळतं. १९८९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकची वीज घालवणारं वादळ जागतिक निर्देशांकावर, म्हणजे अनेक ठिकाणच्या नोंदींवरून काढलेल्या आकड्यावर, ५९० च्या आसपास होतं (एका ठिकाणचं रीडिंग आणि निर्देशांक या वेगळ्या गोष्टी, तरी अंदाज येतो).

एवढं असून या आकड्यांकडे जवळजवळ दीडशे वर्षं फारसं कोणी वळलं नाही. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या लखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ते वापरले तेव्हा जगाचं लक्ष गेलं. या नोंदी टिकल्या त्यामागेही एक गोष्ट आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने चुंबकाचे आकडे बिघडणार, म्हणून वेधशाळेचे डायरेक्टर नानाभाई मूस यांनी चुंबकत्वाचं सगळं काम अलिबागला हलवलं, पण १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, त्यामुळे मालिका तुटली नाही. ही दूरदृष्टी मला फार मोठी वाटते.

कॅरिंग्टनचं नाव या वादळाला कायमचं चिकटलंय, पण त्या सकाळी कुलाब्यात आकडे लिहिणारा कोण, हे विचारलंच जात नाही. सतराव्या शतकातला इंग्लंडमधला शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल याच्या प्रयोगशाळेतल्या बिननावाच्या मदतनीसांवर इतिहासकारांनी १९८९ पासून नेटाने लिहिलंय, मग आपल्याकडेही पगारपत्रकं, रजेचे अर्ज, ड्युटीचे तक्ते शोधायला हवेत, आणि सुरुवात मुंबईच्या पुराभिलेखागारातून करता येईल, ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतच आहे.