काठी दिसली बघ की!

बेळगाव-खानापूरकडं सुट्टीत पोरं जमली आणि बाहुल्यांचा सिनेमा लागला की निम्मी पोरं गोष्ट सोडून बाहुली नाचवणाऱ्याचा हात शोधत बसतात. परवा भाच्यानं मोबाइलवर चित्र थांबवलं, दोन बोटांनी मोठं केलं आणि ओरडला, "मामा, बेडकाच्या मनगटाला काठी हाय बघ की!" होतीच. तारेएवढी, काळसर.

त्या बेडकाचा, केर्मिटचा जन्म 1955 सालचा. अमेरिकेतल्या जिम हेन्सन या बाहुलीवाल्यानं आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून तो शिवला, डोळ्यांना पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून लावला. तोवर बाहुलीवाला पडद्याच्या खोक्याआड लपायचा. हेन्सननं खोकं काढून टाकलं आणि टीव्हीची चौकट हाच आडोसा मानला. कलाकार चौकटीखाली हात वर करून उभा, नजर समोरच्या छोट्या टीव्हीवर. कॅमेरा बोटभर खाली आला की बाही दिसलीच! पकडल्या जाणाऱ्या निम्म्या चुका इथल्याच.

काही 'चुका' मात्र चुका नव्हेतच. कलाकाराचा उजवा हात बाहुलीच्या तोंडात अडकलेला, बाहुलीच्या हाताची काठी हलवायला उरतो डावा. म्हणून या बाहुल्या बऱ्याचशा डावखुऱ्या.

हेन्सनच्या या बाहुल्यांना मपेट म्हणतात. 1979 च्या 'द मपेट मूव्ही'त केर्मिट दलदलीत ओंडक्यावर बसून गातो, तेव्हा हेन्सन पाण्याखालच्या टाकीत अंग चोरून बसला होता. अस्वल मोटार चालवतं, तिचा खरा चालक डिकीत लपून टीव्हीवर रस्ता बघत होता. हे कळल्यावर मला तर काठी दिसल्याचं काहीच वाटेना.

आपल्याकडं लपवायची एवढी धडपड कधी नव्हती. घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीत गेलं, तर ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या उघड दिसतात. इकडं कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्या नाचवणारे किळ्ळेक्यात. समाजाचं नावच त्यांच्या खेळातल्या विदूषकावरून पडलेलं. घरात बोली मराठीच्या वळणाची, खेळ कन्नडात. सीमाभागातल्या माणसाला यात नवल ते काय!

मराठी सिनेमात बाहुला घराघरांत पोचला तो 1993 च्या 'झपाटलेला'मुळं. तात्या विंचूचा बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी; त्यांच्या वडिलांचा अर्धवटराव तर त्याआधीच महाराष्ट्राला पाठ होता. पण थिएटरात चूक दिसली तरी क्षणात निघून जायची, शेजाऱ्याला दाखवेपर्यंत पुढचा प्रसंग सुरू. व्हीसीआर आला, त्याला थांबवायचं बटण आलं, आणि शंकेखोरांचं फावलं. मोबाइलनं त्यात भर घातली.

भाच्यानं ती काठी आजीलाही नेऊन दाखवली. "दोरी न्हाईतर काठी असणारच की, बाहुली हाय ती," म्हणत तिनं चष्मा पुसला आणि विचारलं, "ते सोड, बेडूक पुढं कुठं गेला?"