पोट पोकळ नसतं

गेल्या महिन्यात मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला गेलो तर ती उजवा खांदा चोळत बसलेली. "अरे, भोकं पाडली पोटाला आणि ठणकतोय खांदा! टेबलावर वाकडंतिकडं झोपवलं असणार मला." शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी तोवर मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायला सांगितलंही होतं. दृष्टीचा इथे काही संबंध नाही. खरं कारण त्याहून कितीतरी सुरस आहे, पण ते कळायला आधी पोटात शिरावं लागतं.

शाळेच्या पुस्तकात आपण 'उदरपोकळी' हा शब्द शिकतो आणि पोट म्हणजे आत अवयव ठेवलेला रिकामा डबा असं चित्र डोक्यात बसतं. प्रत्यक्षात तिथे रिकामं असं काही नसतं. आतडी, यकृत, चरबीचा पदर हे सगळं पोटाच्या भिंतीला आतून चिकटून असतं, मध्ये फक्त ओलाव्याचा पातळ थर. भाजीवाल्याकडची नवी प्लॅस्टिकची पिशवी आठवा. तोंड कुठे आहे ते माहीत असतं, पण बोटांनी चोळून फुंकर मारल्याशिवाय ती उघडत नाही. पोट तसंच. त्यात दुर्बीण नुसतीच घातली तर समोर लालसर गुलाबी भिंतीपलीकडे काही दिसणार नाही.

म्हणून पहिलं काम जागा तयार करण्याचं. 1901 साली जर्मनीत गेओर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बिणीने आत पाहिलं. 1910 मध्ये स्टॉकहोमच्या याकोबेयस यांनी माणसांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. आज हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड भरतात, आणि ही निवड फार विचारपूर्वक झालेली आहे. आत रक्तस्राव थांबवायला कॉटरी, म्हणजे विजेने डाग देणारं हत्यार, वापरतात, ठिणगी उडते. ऑक्सिजन किंवा नायट्रस ऑक्साइड ज्वलनाला मदत करतात. कार्बन डायऑक्साइड करत नाही. दुसरं कारण सोड्याच्या बाटलीत दिसतं: हा वायू पाण्यात सहज विरघळतो. चुकून एखाद्या शिरेत शिरला तर बराचसा रक्तात विरघळून फुफ्फुसांतून बाहेर पडतो. हवेतला नायट्रोजन तितका विरघळत नाही, त्याचा बुडबुडा थेट हृदयात जाऊन अडकू शकतो.

पण वायू आत पोचवायचा कसा? माझ्या मते सगळ्या ऑपरेशनमधली सर्वांत सुंदर आणि सर्वांत धोक्याची पायरी हीच. दुर्बीण अजून आत गेलेली नाही, म्हणजे ही एकच गोष्ट न पाहता करायची असते. जागा निवडतात ती बहुधा बेंबीची, कारण तिथे पोटाच्या भिंतीचे थर एकत्र आलेले असतात आणि भिंत सर्वांत पातळ असते. गंमत अशी की शरीराची सर्वांत मोठी रोहिणी, महाधमनी, बेंबीच्या जवळपासच मागे दोन फाट्यांत विभागते. सडपातळ माणसात ती बेंबीच्या कातडीपासून जेमतेम दोनेक सेंटिमीटरवर असू शकते. म्हणून भिंत वर उचलून धरतात आणि सुई ओटीपोटाच्या दिशेने तिरकी घालतात. लठ्ठ माणसात मात्र बेंबी खाली सरकलेली असते आणि भिंत जाड, त्यामुळे सुई जवळजवळ सरळ उभी.

ही सुई हंगेरीच्या यानोश व्हेरेश यांची, 1930 च्या दशकातली. त्यांनी ती क्षयरोग्यांसाठी केली होती. त्या काळी फुफ्फुसाला विश्रांती द्यायला छातीत हवा भरत. धारदार सुईच्या आत स्प्रिंगवर बसवलेली एक बोथट नळी असते. समोर कडक थर आला की नळी मागे ढकलली जाते आणि धार उघडी पडते. थर ओलांडला, विरोध संपला, की स्प्रिंग नळीला पुढे लोटते आणि धार झाकली जाते. हाताला 'टक्' असं जाणवतं. बेंबीशी दोनदा: एकदा भिंतीचा चिवट पडदा, मग आतला नाजूक पडदा. त्यानंतर सिरिंजने ओढून पाहतात, रक्त किंवा मळ येत नाही ना. मग सलाइनचा थेंब सुईच्या तोंडाशी ठेवतात. तो आपोआप आत ओढला गेला तर सुई मोकळ्या जागी आहे. शेवटी वायू सोडून दाब बघतात. सुरुवातीचा दाब पाऱ्याच्या 10 मिलिमीटरच्या आत हवा. वायू जेमतेम जातोय आणि काटा झपाट्याने चढतोय, तर सुई चुकीच्या थरात आहे.

मात्र आधीच्या ऑपरेशनने आतडं भिंतीला चिकटलेलं असेल तर स्प्रिंगला ते ओळखता येत नाही. अशा वेळी डाव्या बरगड्यांखालून शिरतात, नाहीतर 1971 मध्ये हॅसन यांनी सांगितल्याप्रमाणे छोटा छेद घेऊन, थर डोळ्यांनी पाहतच आत जातात.

पुढे दाब 12 ते 15 वर धरून ठेवतात. आकडा लहान वाटतो, पण पोटातल्या मोठ्या शिरांमधला दाब त्याहून कमी असतो. त्या दबतात, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. विरघळलेला वायू बाहेर टाकायला भूलतज्ज्ञ श्वासाच्या यंत्राचा वेग वाढवतात. पोटाचा पडदा एकदम ताणला गेला तर नाडी मंदावते, आणि त्यावर पहिला उपाय म्हणजे भरलेला वायू बाहेर जाऊ देणं. भूलतज्ज्ञाने हाक दिली की सर्जनने हातातलं काम थांबवायचं, ही शिस्त त्यासाठीच.

आता मावशीचा खांदा. छाती आणि पोट यांच्यातला श्वासपटल हा स्नायू गर्भात मानेपाशी घडतो आणि खाली उतरताना आपली नस सोबत घेऊन येतो. म्हणून त्याची नस मानेतल्या मज्जारज्जूच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या खंडातून निघते. खांद्याच्या कातडीची जाणीवही तिथूनच जाते. वायूने श्वासपटल ताणलं, उरलेला वायू त्याच्याखाली साठला, की मेंदू त्या वेदनेचा पत्ता 'खांदा' असा लावतो. दोन-तीन दिवसांत वायू शोषला जातो, दुखणं थांबतं.

मावशीने ऑपरेशनआधी सहा महिने ऑलिव्ह तेल, लिंबाचा रस आणि सफरचंदाच्या रसाचा 'खडे पाडणारा' उपाय केला होता. शौचातून पडलेले हिरवट गोळे तिने मलाही दाखवले होते. 2005 मध्ये न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी अशाच गोळ्यांची तपासणी करून घेतली. त्यात कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन, कॅल्शियम काहीच नव्हतं. तेलापासून पोटातच तयार झालेला तो साबण होता. खडे होते तिथेच होते. मावशीचे ते सहा महिने कळा सोसण्यात गेले, ह्याचा मला अजून राग येतो.

आणि 'लेझरने, विनाचीर' हे फलकही तितकेच फसवे. दुर्बिणीने पित्ताशय काढताना लेझर लागत नाही. 12 सप्टेंबर 1985 रोजी जर्मनीत एरिख म्यूहे यांनी हे पहिलं ऑपरेशन केलं आणि 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडियांनी ते भारतात आणलं. छिद्रं लहान झाली, आतलं काम तेवढंच राहिलं. उलट खोलीचा अंदाज सपाट पडद्यावर हरवतो, आणि हत्यार छिद्राभोवती तरफेसारखं फिरत असल्याने हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं.

सर्वांत मोठी चूक डोळ्यांची होते. पित्ताशय नुसतंच वर ओढलं तर त्याची नळी आणि यकृतातून येणारी मुख्य पित्तनलिका एका रेषेत येतात आणि एकच नळी असल्यासारखी दिसतात. मुख्य नलिका कापली गेली तर रुग्णाचं सारं आयुष्य बदलतं. म्हणून 1995 मध्ये स्ट्रासबर्ग यांनी नियम घालून दिला, डॉक्टर त्याला क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी म्हणतात. ह्या दोन नळ्या आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी, त्याची नळी आणि त्याची रोहिणी, दिसल्याशिवाय कात्री लावू नका. सूज इतकी असेल की हे दिसतच नाही, तर पित्ताशयाचा थोडा भाग मागे ठेवून थांबता येतं, किंवा पोट उघडता येतं.

संमतीपत्रकात 'गरज पडल्यास उघडून ऑपरेशन' अशी ओळ असते. मावशीने ती वाचून विचारलं होतं, "म्हणजे ह्यांना जमणार नाही असं म्हणतायत का?" मी तिला म्हटलं, ती ओळ नसती तर मी तुला तिथे सही करू दिली नसती.